ढगाला बरं नव्हतं तेव्हा

माझं काम एका ढगाला मराठी बोलायला शिकवण्याचं होतं. आमच्या डोणगावात हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे पाहिलं आणि विषय बदलला. शेवटी आईच वैतागली. "तू आपलं कॉम्प्युटरचं काम म्हणत जाय ना माय. ढगाचं काऊन सांगतं लोकायले?"

कंपनी पुण्याची, मोबाइलवरून लोकांच्या मनाची काळजी घेणारी. ॲप उघडलं की एक गुबगुबीत हसरा ढग यायचा आणि गप्पा सुरू करायचा. दोनचार वाक्यं झाली की मागे बसलेले खरे समुपदेशक बोलणं हातात घ्यायचे. ढगाची ती दोनचार वाक्यं लिहायची, हे माझं खातं. तीन वर्षं मी ते पुण्यात, एका खोलीत तिघीजणी राहून केलं. मग कंपनीने ग्रामीण विभाग काढला. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि लॅपटॉप घेऊन घरी आले. विभागात एकूण माणूस मी एकटी.

मला घरी यायचं होतं त्याचं खरं कारण बाबा होते. बाबा बसवर कंडक्टर होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं कुणाशी वाजलं याची विचारपूस केली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि एकदम मिटले. दिवसभर ओट्यावर बसायचे आणि विचारलं तर 'बरं हाय' म्हणायचे. आई फोनवर सांगायची, आज तुझे बाबा चार शब्द बोलले, आज तीनच. ते मला लांबून ऐकवत नव्हतं.

कंपनीची अट मात्र होती. सहा महिन्यांत मेहकर तालुक्यातल्या दहा माणसांनी ढगाशी प्रत्येकी दहा मिनिटं तरी बोलायला हवं. न जमल्यास विभाग बंद आणि मी परत पुण्यात, त्या तिघींच्या खोलीत. दहा माणसं म्हणजे काय, मला वाटलं, आमच्या गल्लीतच होतील.

पाच महिन्यांत एकही झालं नाही.

लोक ॲप घ्यायचे, नाही असं नाही. पण मी ढगाच्या तोंडी पहिलं वाक्य घातलं होतं, 'नमस्कार! आज तुमच्या मनाचं हवामान कसं आहे?' पुण्यात या वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या. इकडे मात्र दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे, कापलेलं पीक शेतात पडलेलं. तिकडे दुसरबीडला एका भल्या माणसाने ढगाचं चित्र पाहिलं, हवामान हा शब्द वाचला आणि थेट विचारलं, 'सोंगून पडेल हाय. पाऊस येते का दोन दिवसांत?' ढगाने मी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं, 'पावसाचा विचार करताना तुम्हाला कसं वाटतं?' त्याने लिहिलं, 'वाटते काय बे, तू सांग ना!' ढग म्हणाला, 'तुमची अस्वस्थता मी समजू शकतो.' पुढे त्याने जे लिहिलं त्यामुळे ढगाची भाषा तपासणारी पुण्याची पोरगी दोन दिवस सुट्टीवर गेली. आणि तो माणूस बोलला नऊ मिनिटं, तालुकाही सिंदखेडराजा, म्हणजे तोही माझ्या खात्यात धरला गेला नाही.

गावात मी हात जोडून विनवण्या केल्या. उत्तर सगळीकडे एकच. "मी काय येडा हाव का?" किराणा दुकानवाल्या काकू तर म्हणाल्या, "मले काही झालं नाही बाई. ज्याले झालं त्याले दे." बाबांना मी एकदाच विचारलं. त्यांनी ॲप घेतलं, ढगाकडे पाहिलं, 'हं' म्हणाले आणि फोन उलटा ठेवला. मी चिडून गच्चीवर निघून गेले.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, माझं ऑफिस होतं, कारण नेट तिथेच धड मिळायचं. रोज सकाळी मीटिंगमध्ये प्रत्येकाने आज आपला रंग कोणता ते सांगायचं. कुणी पोपटी असायचं, कुणी हलकं जांभळं. मी रोज हिरवी असायचे, कारण हिरव्याला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. एकदा मूड गेला म्हणून 'राखाडी' म्हणाले, तर दुपारपर्यंत पुण्याहून तीन फोन. तिसरा आनंद विभागाच्या ताईंचा होता. आनंद विभाग म्हणजे इतर कंपन्यांत जे रजा मंजूर करतात, तेच. ताई हळुवार आवाजात म्हणाल्या, "तू मनाची सुट्टी घेतलेलीच नाहीस. उद्याची घे. सक्तीची असते ती. लॅपटॉप उघडलास तर आम्हाला कळतं बरं का. एक छोटीशी भेट निघालीये तुझ्यासाठी."

ती भेट माझ्या आधी गावाने पाहिली. आमच्याकडे घरपोच पार्सल वगैरे नसतं. कुरियरवाला बस स्टँडजवळच्या त्या किराणा दुकानातच सगळं टाकून जातो. खोक्यावर ठळक मराठी अक्षरांत छापलं होतं, 'तुमचं मन थकलंय. आम्हाला माहीत आहे. आम्ही तुमच्यासोबत आहोत.' आणि खाली माझं पूर्ण नाव. वाक्य मीच लिहिलेलं होतं, मागच्या दिवाळीत. खोकं सकाळी नऊला दुकानात आलं आणि साडेनऊला दुकानवाल्या काकू स्वतः ते घेऊन आमच्या दारात. दुसऱ्या हातात डझनभर केळी आणि बिस्किटाचा पुडा.

"काय व, पोरगी बिमार हाय अन् तुम्ही सांगतलं नाही?" त्या आईवर घसरल्या.

"बिमार नाही, सुट्टी हाय तिले," आई म्हणाली.

"कशाची?"

आता आईला काय ठाऊक? ती बिचारी म्हणाली, "मनाची."

काकूंनी एवढं हळहळून 'अगं माय' म्हटलं की पलीकडच्या भिंतीवरून डोकं वर आलं. झालं. आमच्याकडे माणूस बिमार पडला की भेटायला जायचंच असतं. भांडण असलं तरी, पाहुणे घरात असले तरी. आणि भेटायला आलेल्यांसमोर बिमार माणसाने टुणटुणीत फिरणं हा त्यांचा अपमान. मी आईला म्हटलं, मी समजावून सांगते सगळ्यांना. आईने पाच महिने मला समजावून सांगताना पाहिलं होतं. ती म्हणाली, "समजावू नको. पड."

मग ओसरीत खाट आली, माझ्या अंगावर गोधडी आली, कानाला रुमाल बांधला गेला आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला गेला. अंगात ताप नाही, दुखणं नाही, आणि मी आपली कण्हतेय. मध्येच आनंद विभागाच्या ताईंचा फोन आला, विश्रांती घेतेयस ना? मी म्हटलं, ताई, मी गोधडीत आहे. त्यांचा आवाज भरून आला.

पहिल्यांदा काकू बसल्या. कपाळ चाचपून झालं, जीभ बघून झाली. "काही नाही, नजर हाय. मीठ-मिरच्या ओवाळून टाक," असं आईला सांगून झालं. केळं सोललं गेलं, ते त्यांनीच खाल्लं. आणि मग खाटेच्या कडेला हात ठेवून त्या म्हणाल्या, "माह्यंही असंच होते व पोरी. सांजच्याला शटर पाडलं का छातीवर कोणी गिट्टीचं घमेलं ठेवल्यावानी वाटते. दिवसभर लोकं असतात, कळत नाही. शटर पडलं का घरात मी अन् टीव्ही." त्या बोलत राहिल्या. मला काम करून करून सवयच लागलेली, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. बावीस मिनिटं! मी गोधडीत तडफडले. हेच ॲपवर बोलल्या असत्या तर?

त्यांच्यानंतर विहाराजवळ राहणारे निवृत्त मास्तर आले. यांनी मला चौथीला गणित शिकवलं होतं. दोन संत्री आणली होती. सर ताठ बसले, डोळे मिटून श्वासावर लक्ष कसं ठेवायचं ते त्यांनी मला शिकवलं, माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं, चुकले तेव्हा रागावले. मग म्हणाले, "मी रोज करतो. पण खरं सांगू का, श्वासावर लक्ष ठेवता ठेवता नातवाच्या फोनवर जाते लक्ष. रविवारी येतो म्हणते फोन. मी शनिवारपासूनच चार्जिंगले लावतो." सर अठ्ठावीस मिनिटं बोलले. मी हाताची बोटं मोडत होते.

दुपारपर्यंत अकरा माणसं झाली. प्रत्येकाने आधी मला औषध सांगितलं, मग स्वतःचं दुखणं. कुणी ओव्याचं पाणी सांगितलं, कुणी शेगावला जाऊन ये म्हणालं, दोघींनी लग्न सुचवलं आणि त्यातल्या एकीकडे स्थळही होतं. पण उठताना सगळे एकच म्हणाले, "बरं वाटलं तुह्याजोळ बसून." बरं मी व्हायला हवं होतं की त्यांनी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं. रोगी व्हायला कुणीच तयार नव्हतं, पण रोग्याजवळ बसून बोलायला अख्खं गाव तयार होतं. मी गोधडी फेकून उठले, तेवढ्यात बारावी बाई दारात दिसली म्हणून परत आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये सांगितलं, "आपला ढग आजारी पाडा."

आमच्या साहेबबाई म्हणाल्या, "आपला ढग हसरा आहे. आपण त्याच्यासाठी दोन वर्षं हसू निवडत होतो." मी खाटेची सगळी हकिकत सांगितली. आमच्यात एक मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या. एरवी त्या मीटिंगमध्ये फक्त मान हलवायच्या. त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "करून बघू. फक्त खाली स्पष्ट लिहा की ढग चित्रातला आहे आणि ऐकणारी माणसं खरी आहेत." शेवटचा आठवडा उरला होता. आमच्या एका तालुक्यापुरता ढग आजारी पाडायला परवानगी मिळाली.

चित्रकाराने ढगाला सोफ्यावर झोपवलं आणि हातात सूपचा मोठा कप दिला. मी आमच्या खाटेचा फोटो पाठवला. गोधडी, तांब्या, कानाला रुमाल. चित्रकार म्हणाला, ढगाला कान नसतो. मी म्हटलं, तोंड कसं असतं मग? यावर दीड तास चर्चा झाली, त्यात ढगाचं डोकं नेमकं कुठे सुरू होतं यावर मतदान झालं. शेवटी रुमाल बांधला गेला. पहिलं वाक्य मी लिहिलं, 'आज मले जरा बरं नाही. बसा ना दोन मिनिटं.'

मग मी गावात निघाले. कुणाला ॲप घ्या म्हटलं नाही. फक्त म्हटलं, "माह्या कामावरचा एक जण बिमार हाय. चित्रातला हाय, पण भेटून तर या."

हसले सगळे. पण गेले. एकाने ढगाला लिहिलं होतं, 'लय पाणी पेलं असन तुनं, म्हणून झालं.' समुपदेशकांनी हातात घेतल्यावरचं बोलणं मला दिसत नाही, दिसूही नये. ढगाशी झालेली पहिली दोनचार वाक्यं, तालुका, बाई की पुरुष, वय आणि मिनिटं एवढंच दिसतं. पण मिनिटं कशी वाढत होती! पहिल्या दिवशी दोन माणसं. तिसऱ्या दिवसापर्यंत सहा. समुपदेशक पोरींनी निरोप पाठवला, की सगळे आधी आल्याचा काढा सांगतात, मग थोडं थांबतात, आणि मग बोलायला लागतात. शेवटच्या दिवशी दुपारी आकडा नऊवर होता आणि संध्याकाळी सहाला मुदत संपत होती.

पाच वाजता पडद्यावर नवा माणूस आला. मेहकर तालुका, पुरुष, वय साठ. पहिलं वाक्य, 'काय झालं रे बाबा तुले?' मिनिटं सुरू झाली. एक, दोन. टाइप करतानाचे तीन ठिपके हलत होते, फार सावकाश. चार मिनिटं झाली आणि ठिपके थांबले. दोन मिनिटं गप्प राहिलं की ढग नमस्कार करून निघून जायचा, असा नियम. मी लॅपटॉप घेऊन कठड्याशी गेले आणि सहज खाली पाहिलं.

अंगणात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी होती. तिच्यामागे, उलट्या बादलीवर, बाबा बसले होते. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, फोन नाकाजवळ धरला, एक बोट उचललं. पडद्यावर ठिपके हलले. बोट थांबलं, ठिपके थांबले. बोट हललं, ठिपके हलले. मी ते तीनदा तपासून पाहिलं.

सात मिनिटं. आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अवो, च्या झाला..."

मी जिन्याच्या पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. चप्पल एक गच्चीवर राहिली. आईने दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं होतं, त्यावर मी हात ठेवला.

"तीन मिनिटं थांब," मी कुजबुजले.

आईने हात बाजूला केला. "येडी झाली का? च्या थंडा होऊन राह्यला त्यायचा!"

"मी पिते."

"तू पेला की आत्ताच!"

मी बाबांचा चहा उभ्या उभ्या, जीभ भाजत प्यायले आणि आईला दुसरा टाकायला लावला. तो झाला तेव्हाही तिला दारातच अडवलं आणि तोही प्यायले. तिसऱ्या वेळी आईने पातेलं आदळलं. तोवर बाबा उठले होते. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. एक्केचाळीस मिनिटं.

खाली आले तेव्हा बाबा बशीत चहा ओतत होते. बशी रिकामी केली. मग म्हणाले, "तुमच्या त्या ढगाले ताप कशानं आला?"

"चित्र हाय बाबा ते."

"माहीत हाय मले. तरी इचारून राह्यलो."

दहा झाले होते. विभाग वाचला होता. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळे माझ्यासाठी सोनेरी झाले. माझी पाळी आली तेव्हा मी 'राखाडी' म्हणाले आणि फोन यायच्या आत बंद करून टाकला. मला ढगाचा राग आला होता. माझ्या खालच्या अंगणात बसून माझ्या बाबांनी एक्केचाळीस मिनिटं बोलावं, आणि ते नाशिक की कोल्हापूरच्या कुठल्याशा समुपदेशक पोरीशी, माझ्या ढगाशी, पण माझ्याशी नाही! बोलायचं होतं तर मी होते ना वर, टाकीजवळ. मग मला आठवलं की मी त्यांना एकदाच विचारलं होतं, तेही ॲप घ्या म्हणून. मला फार लाज वाटली आणि मी टाकीला टेकून रडले.

रविवारी सकाळी मी स्वतः खाट ओसरीत ओढली, गोधडी घेतली, कानाला रुमाल बांधला, तांब्या भरून उशाशी ठेवला. आईने पाहिलं. "आता काय झालं?" मी ओठांवर बोट ठेवलं. ती आत गेली.

बाबा बाहेरून आले, थबकले, आणि त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप तं नाही."

"नाही."

"मंग?"

"जरा बरं नाही वाटत. बसा ना दोन मिनिटं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. सगळं त्यांनी परवाच कुठेतरी पाहिलेलं होतं. मला वाटलं आता 'हं' म्हणतील आणि जातील. त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले.

"आल्याचा काढा घेतला का?"

"घेतला."

मग ते थांबले. मीही थांबले. मध्येच काही बोलायचं नसतं, एवढं मला कंपनीने शिकवलं होतं.

"मले अजून चारले जाग येते," बाबा म्हणाले. "पहिल्या गाडीची. आंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. बटनं लावता लावता ध्यानात येते, गाडी नाही."

"मंग काय करता?"

"मंग काय. ओट्यावर बसतो, तू उठतं तोवर."

मी गोधडीतून हात बाहेर काढला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ते बोलत राहिले. आईने दोन कप चहा आणून खाटेखाली ठेवला, आणि तो तिथेच थंड झाला.